डोयाले डोया लागना नही!

रात्री अडीचला जाग आली आणि पुन्हा डोळा लागेना, तर पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ बघू नका. दुसरी, तुम्ही एकटे नाही. या घडीला भुसावळच्या फलाटावर चहा उकळतोय. यावल-रावेरकडे कुणीतरी बॅटरी घेऊन केळीच्या बागेत मोटार चालू करायला निघालंय. धुळ्याच्या बायपासवर ट्रकवाले ढाब्यावर तोंडावर पाणी मारताहेत. खान्देश रात्री पुरता कधीच झोपत नाही. फरक एवढाच की ही मंडळी कामासाठी जागी आहेत आणि तुम्ही झोपेसाठी. झोपेसाठी जागं राहण्याइतका तोट्याचा धंदा दुसरा नाही.

तेव्हा ही थोडी खमंग माहिती. वाचा, पण दिवसा. अंथरुणात नको. का, ते पुढे येईलच.

जाग सगळ्यांनाच येते

झोप सलग नसते. साधारण दीड तासाचा एक फेरा, असे रात्रीत चार ते सहा फेरे होतात. फेरा संपता संपता माणूस हलतो, कूस बदलतो, क्षणभर जागाही होतो. ठणठणीत माणूससुद्धा रात्रीतून बऱ्याच वेळा असा वर येऊन जातो. सकाळी त्याला ते आठवत नाही, इतकंच. गोम जाग येण्यात नाही, जाग आल्यावर हिशेब मांडण्यात आहे. ‘अडीच वाजले, म्हणजे साडेतीन तास उरले, म्हणजे उद्या दुकानात...’ उद्याचा दिवस डोक्यात शिरला की आजची रात्र गेली.

मग दुखणं कधी म्हणायचं? झोपायला सवड आहे, जागा आहे, तरी आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही, हे किमान तीन महिने चाललंय आणि त्यापायी दिवसाची कामं बिघडताहेत. डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. लग्नाच्या आदल्या रात्री झोप न येणं यात बसत नाही.

एक गंमत अशी, की ‘रातभर डोयाले डोया लागना नही’ म्हणणाऱ्या काहींची झोप प्रयोगशाळेत तारा लावून मोजली, तर ते चांगले पाच-सहा तास झोपलेले निघतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांची झोप इतकी उथळ आणि सावध असते की मेंदू ती जागेपणाच्या खात्यात मांडतो.

आजी तीनला उठायची, पण झोपायची कधी?

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म 1880. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी घरात, शेतात, जात्यावर गाणी रचली. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती जगापुढे आली आणि 1952 साली, त्यांच्या मृत्यूच्या पुढल्याच वर्षी, पुस्तक निघालं. ज्या काळात घरोघरी दळण पहाटे अंधारात व्हायचं, त्या काळातल्या या बाई. त्या पिढीच्या आजीला पहाटे तीनला जाग आली तर तिला निद्रानाश नव्हता, पायलीभर ज्वारी होती. शिवाय ती रात्री आठला आडवी झालेली असायची.

हा हिशेब आजही घरातल्या वडीलधाऱ्यांना लागू आहे. ‘साडेतीनलाच जाग येते हो,’ अशी तक्रार करणाऱ्या नानांना विचारा, झोपलात कधी? साडेआठला. म्हणजे सात तास झोप झाली. आता जाग येणार नाही तर काय होणार? वयोमानाने झोप हलकी होते आणि लवकर सरकते. नानांना गोळी नको, रात्री दहापर्यंत गप्पा मारायला कुणीतरी हवं.

अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी जुनी कागदपत्रं चाळून दाखवलंय की, विजेचे दिवे येण्याआधी युरोपात बरेच लोक दोन हप्त्यांत झोपत. पहिली झोप, मग मध्यरात्री तासभर जाग, मग दुसरी झोप. त्या मधल्या वेळात ते प्रार्थना करत, चूल सारखी करत, शेजाऱ्याकडेही जाऊन येत. छातीत धडधड मात्र कुणाच्या होत नसे, कारण हे चुकीचं आहे असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

धुळ्याच्या तुरुंगात झोपेवर प्रवचन

विनोबांनी गीतेवरची प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात. 21 फेब्रुवारी 1932 ते 19 जून 1932, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. उतरवून घेणारे होते साने गुरुजी. त्या गीतेत अर्जुनाला ‘गुडाकेश’ म्हटलंय, म्हणजे झोपेला जिंकणारा. वाचून छाती फुगते, पण सहावा अध्याय काढला तर तिथे श्रीकृष्ण त्याच अर्जुनाला सांगतात, फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही. झोप आणि जाग दोन्ही मापात हवी. ‘मी चार तासांत भागवतो’ अशी फुशारकी मारणाऱ्यांनी गीतेचा आधार घेऊ नये, तिथे तो मिळत नाही.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि पाचेक दिवसांत उरकत आणलं. त्यातल्या प्रकरणांना प्रकरण म्हणत नाहीत, रात्र म्हणतात. अशा 42 रात्री आहेत. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या रात्री मोजत रडला असेल, तर तो याच.

रामदासांची घोरणाऱ्यांवर नजर

धुळ्यात श्री समर्थ वाग्देवता मंदिर आहे. देवळात मूर्तीपुढे उभं राहावं तसं इथे हस्तलिखितांपुढे उभं राहायचं. समर्थ संप्रदायाची बाडं शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून जमवली. दासबोधाच्या अठराव्या दशकात नववा समास चक्क निद्रानिरूपणाचा आहे आणि तो समर्थांनी भलताच मिश्कील लिहिलाय. कुणी कराकरा दात खातंय, कुणी हातपाय ताणतंय, कुणाचं नाक घोरतंय, कुणाचं मुंडासं सुटून गडगडत गेलंय. झोपेत दात खाण्याला आता दंतवैद्य रात्री लावायची कवळीवजा पट्टी देतात.

घोरणं मात्र हसण्यावारी नेऊ नये. घोरता घोरता श्वास थांबतो, मग गुदमरून दचकून जाग येते, सकाळी डोकं जड आणि दुपारी खुर्चीत डुलक्या, हे असलं तर तो साधा निद्रानाश नाही. झोपेत श्वासनलिका मिटते आहे. यावर झोपेची गोळी घेणं धोक्याचं, कारण काही गोळ्यांनी श्वासाची अडचण वाढते. हे बहुधा शेजारी झोपणाऱ्याला आधी कळतं, तेव्हा बायकोची तक्रार ऐका.

खान्देशात बारा वाजतात, सूर्याचे नाही

भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलंय, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या बाजूला. जळगाव त्याच्या पश्चिमेला सुमारे सात अंश, धुळे पावणेआठ. एका अंशाला चार मिनिटं धरा. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या मागे जवळपास अर्धा तास चालतो. तुमचं शरीर सूर्याचं ऐकतं आणि शाळेची घंटा घड्याळाचं. मौलिक जगनानी या अभ्यासकाने भारतातल्या मुलांच्या झोपेचा हिशेब काढला, तेव्हा सूर्यास्त जिथे तासाने उशिरा तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपलेली दिसली. पोराला सकाळी उठवताना ‘आळशी’ म्हणण्याआधी मिर्झापूरला दोष देऊन बघा.

स्लॅब तापला, झोप उडाली

झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, रात्रभरात साधारण एक अंशाने. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणं नवलाचं नाही. अशा वेळी शरीराने उष्णता टाकायची कुठे? जुन्या धाब्याच्या घरांना मातीचं सपाट छप्पर होतं. संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडायचं, अंथरुणं आधीच पसरून गार होऊ द्यायची आणि वर चांदण्यांखाली झोपायचं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ओकत राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला झोप का येत नाही, याचं निम्मं उत्तर डोक्यावरच असतं.

कूलरबद्दल एक सांगितलंच पाहिजे, कारण निम्मी घरं चुकतात. दारं-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवला की खोलीत दमट वाफ साचते. समोरची एक खिडकी किलकिली ठेवा, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. कूलरची जादू कोरड्या हवेत चालते. जून सरत आला, पावसाचे चार थेंब पडले, की तोच कूलर चिकट वारा फेकायला लागतो. मग पंखा बरा.

आणि आता उलटी वाटणारी गोष्ट. पाय गरम असले की झोप लवकर लागते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 1999 साली ‘नेचर’मध्ये हे छापलं. तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या सैलावल्या की आतली उष्णता तिथून बाहेर पडते. झोपण्याआधी तास-दोन तास कोमट-गरम पाण्याने आंघोळ केली तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते, असं बऱ्याच प्रयोगांची एकत्र मोजदाद करून 2019 साली सांगितलं गेलं. आपल्याकडे आजी काशाच्या वाटीने तळपाय घासायची, तूप किंवा तेल लावून. पाय काळे झाले की ‘बघ किती उष्णता निघाली’ म्हणायची. काळं निघतं ते काशाचं. पण पायांना ऊब आणि आराम मिळतो, त्यामुळे आजीचं निदान चुकलं तरी उपचार जमला.

भरीत नऊला की अकराला?

थंडीत कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. शेतावरची ही पार्टी आठला ठरते आणि पंगत साडेदहाला बसते, हे खान्देशात लिहून ठेवायची गरज नाही. तिखट जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि दोनच्या सुमाराला छातीत जळजळून जाग येते. 1992 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काही निरोगी तरुणांना संध्याकाळच्या जेवणात तिखट सॉस आणि मोहरी खाऊ घातली. त्यांची झोप बिघडली आणि झोपेच्या सुरुवातीला अंगातली उष्णताही वाढलेली आढळली. भरीत सोडा असं सांगण्याची माझी हिंमत नाही. वेळ सोडा.

खावंच लागलं उशिरा, तर डाव्या कुशीवर झोपा. पोटाच्या ठेवणीमुळे त्या कुशीवर आम्ल वर चढायला अवघड जातं. वामकुक्षीत ‘वाम’ उगाच नाही. मात्र दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाच्या वर गेली किंवा चार-पाचला घेतली, की ती रात्रीच्या झोपेतून वळती होते. चरकाने दिवसा झोपायची मुभा निरोगी माणसाला दिली ती फक्त उन्हाळ्यात. मेमध्ये दुपारी शटर अर्धं ओढून पडणाऱ्या दुकानदाराला शास्त्राधार आहे. डिसेंबरात नाही.

चरकसंहितेत झोप न येणाऱ्याला तेल लावणं, आंघोळ, दहीभात, दूध, अंग चेपून घेणं, मनाला आवडणारे वास आणि आवाज सांगितलेत. म्हशीचं दूध निद्रानाशात हितकर असंही म्हटलंय. त्या यादीत मद्यही आहे, पण तिथे आताचं शास्त्र वेगळं बोलतं. दारूने झोप पटकन लागते आणि उत्तररात्री तुकडे-तुकडे होते. चहाचं सांगायचं तर कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कटिंगमधलं निम्मं अकरालाही अंगात असतं. तंबाखूची चिमूटही झोप उडवणारीच.

आणि केळं? जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे अभिमान रास्त आहे. ‘केळ्यात मॅग्नेशियम असतं, झोप येते’ हे खरं मानायचं, तर एका केळ्यात ते तिसेक मिलिग्रॅम असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला तीनशे-चारशे लागतं. केळं जरूर खा, भुकेने जाग येत असेल तर उपयोगी आहे. झोपेची गोळी ते नाही.

मेंढ्या खऱ्याच मोजणारे

झोप येत नसेल तर मेंढ्या मोजा, हा साहेबाचा सल्ला. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ठेलारी समाज पिढीजात मेंढ्या मोजत आलाय आणि त्यांना मोजता मोजता झोप लागून चालत नाही. शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या की रात्री लांडग्यावर, चोरावर लक्ष ठेवावं लागतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2002 साली झोप न येणाऱ्यांवर प्रयोग केला, तेव्हा निवांत, रमणीय जागेचं चित्र मनात रंगवणाऱ्यांना झोप लवकर लागली. आकडेमोड फार कंटाळवाणी, मन तिच्यावरून घसरून पुन्हा काळज्यांवर जातं. मोजण्यापेक्षा पाटणादेवीचं जंगल आठवा.

डोक्यात उद्याची कामं घुमत असतील तर त्यावर एक स्वस्त तोडगा आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 जणांवर प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. व्यापाऱ्यांच्या गावाला वही-पेन नवं नाही.

ज्यांना जागायचंच आहे

शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याचा निम्मा मेंदू ‘लाईट आली का’ यावर असतो. मोबाइलवरून मोटार चालू करणारे स्टार्टर आले, तरी पाइप निसटला, बारं फुटलं की बांधावर जावंच लागतं. त्यात बिबट्याची धास्ती. दिवसा वीज द्यायची सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला जाहीर झाली. तिचा खरा फायदा पिकाइतकाच शेतकऱ्याच्या झोपेला आहे, पण जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

भुसावळला रेल्वेचा कॉलबॉय असायचा. ड्रायव्हरच्या दारात रात्री-अपरात्री जाऊन कडी वाजवायची आणि वहीवर सही घ्यायची, हे त्याचं काम. ज्याच्या दाराची कडी कधीही वाजू शकते, तो गाढ झोपेल कसा? दीपनगरच्या वीजकेंद्रात, ऑर्डनन्स फॅक्टरीत पाळ्या करणाऱ्यांचंही तेच. रात्रपाळी करून घरी येताना उन्हाचा काळा चष्मा लावा, खोलीत जाड पडदा सोडा, फोन बंद करा आणि शेजाऱ्यांनी दहाला बेल वाजवू नये म्हणून दारावर पाटी लावा.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याला भेटतात. गाडीवाल्यांसाठी हा आकडा बघा. सलग 17 तास जागा असलेला माणूस, रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 आहे. दारू तपासायचं यंत्र पोलिसांकडे असतं, झोप तपासायचं नाही.

आणि हौसेनं जागणारे? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, फुगड्या, आणि सोमवारी विसर्जन. घरच्या बाया सकाळी ताज्यातवान्या दिसतात. एका रात्रीच्या जागरणाने कायमचं काही बिघडत नाही, पुढच्या रात्री शरीर गाढ झोपून बरीचशी भरपाई करतं. 1963-64 साली अमेरिकेतला रँडी गार्डनर हा शाळकरी पोरगा 264 तास जागा राहिला आणि नंतर पहिल्या खेपेला झोपला तो अवघे चौदाएक तास. (पोरांनो, प्रयोग करू नका.) म्हणून एक रात्र गेली की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत लोळत राहणं, संध्याकाळी आठलाच आडवं होणं, हे करू नये. निद्रानाश जुना होतो तो याच भरपाईने.

उलटा इलाज

झोप येत नसेल तर अंथरुणात कमी वेळ काढा. वाचून चीड येईल, पण गोळीविना झोप आणणाऱ्या उपचाराचा कणा हाच आहे आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2016 साली निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून त्या उपचाराचीच शिफारस केली, गोळीची नाही.

समजा तुम्ही दहा ते सहा पडून असता आणि झोपता साडेपाच तास. उरलेले अडीच तास तुम्ही गादीला शिकवता की ही तळमळायची जागा आहे. मग काही दिवस साडेबाराला झोपायचं, सहाला उठायचं. रविवारीही सहाच. झोप घट्ट झाली, पडल्या वेळातला बहुतेक वेळ झोपेत जायला लागला, की पंधरा-पंधरा मिनिटांनी झोपायची वेळ अलीकडे आणायची. जाग येऊन वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (वाटलं, घड्याळात पाहून नव्हे) तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डुलकी आली की परत या. गादीवर मोबाइल नाही, जेवण नाही, जमाखर्च नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस दिवसा पेंग येते. त्यामुळे ट्रकवाल्यांनी, रेल्वेच्या रनिंग स्टाफने, फिट येणाऱ्यांनी आणि ज्यांना मनाच्या चढउताराचा आजार आहे त्यांनी हे मनाने करू नये, डॉक्टरांशी बोलूनच करावं. आणि मनगटावरच्या घड्याळात झोपेचे गुण बघणाऱ्यांना एक बातमी. चांगले गुण मिळवण्याच्या नादात झोप घालवणाऱ्यांची तक्रार इतकी वाढली की 2017 साली संशोधकांनी त्याला स्वतंत्र नावच दिलं.

गोळीचं एवढंच, की मेडिकलवाल्या ओळखीच्या भाऊकडून ‘ती झोपेची एक पट्टी दे’ म्हणून घेऊ नका आणि रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच. ज्यांना रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, त्यांनी आधी साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्यावं. पहाटे जाग येते आणि जगण्यातच रस वाटत नाही, असं असेल तर मानसोपचार विभागात दाखवा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेवढं जमेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री अडीचलाही उचलला जातो.